बोअर आणि आरओ मंजूर करण्याआधी मीठ कुठं जाणार ते सांगा : खारपाण पट्ट्यातून एक खुलं पत्र

आदरणीय साहेब,

आणि आमच्या गावाच्या पाण्याचा प्रस्ताव ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून पुढं जाणार आहे ते सगळे इंजिनीअर आणि अधिकारी,

हे पत्र तुमच्या नावाने आहे पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे, कारण अर्ज देऊन झाले, पोच घेऊन झाली, आणि तरी मागच्या ग्रामसभेत तुमच्याकडून आलेल्या सरांनी ठरलेलंच सांगितलं. गावाला नवीन खोल बोअर होईल, त्यावर आरओ प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार वेगळे काढणारं मशीन, बसेल, धरणाच्या पाईपलाईनचं पाणी आता फक्त 'पूरक' धरायचं, आणि आरओचं खराब पाणी गावामागच्या नाल्यात सोडायचं. मी उठून विचारलं की त्या खराब पाण्यातलं मीठ कुठं जाईल, तर सर म्हणाले ताई, पाऊस आला की वाहून जाते. सभा संपली, ठराव झाला, पेढे पण वाटले. मला हे गप्प बसून मान्य करता येत नाही म्हणून लिहिते.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. मी या गावची सून, अकोल्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं, त्या पाचात मी आहे. गावातली हरेक विहीर, हापसी, बोअर, शाळेची टाकी, अंगणवाडीचा नळ, सगळ्याचं पाणी मी त्या छोट्या बाटल्यांमध्ये धरून बघितलंय, रंगाच्या कार्डाशी लावून बघितलंय, आणि वहीत लिहून ठेवलंय. माझी दोन लेकरं हेच पाणी पितात. सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे. त्यामुळे हा माझ्यासाठी फाईलचा विषय नाही.

साहेब, तुम्ही बदलीवर येता आणि बदलीवर जाता, त्यात तुमचा दोष नाही, पण या जमिनीचं पाणी कसं चालतं ते समजून घेतल्याशिवाय इथं काही मंजूर करू नका एवढंच माझं म्हणणं आहे. पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा करत पुढं जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. नदीच्या दोन्ही बाजूला जो सपाट काळ्या मातीचा पट्टा आहे तो सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे. राज्य सरकारच्याच पोकरा या शेतीच्या प्रकल्पात अशी ९३२ गावं घेतली होती. म्हणजे हे काही आमच्या एका गावाचं रडगाणं नाही.

पाऊस सातपुड्यावर पडतो तेव्हा त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. ते पाणी मातीतून जाताना तिथला कार्बन डायऑक्साईड घेतं, किंचित आंबट होतं, आणि काळ्या दगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हळूहळू सोडवून घेतं. डोंगराच्या पायथ्याशी बझाडा आहे, म्हणजे गोटे आणि जाड वाळूचे थर, तिथून पाणी भराभर खाली जातं म्हणून तिकडच्या विहिरी गोड, तिकडं संत्र्याच्या बागा. आमच्याकडं येता येता मात्र सगळं बदलतं. इथं शेकडो फूट गाळ आणि चिकण माती, पाण्याला उतार नाही, वाट नाही. पाणी पुढं सरकत नाही आणि वरून ऊन ओढून घेतं. आमच्या घरातला माठ बघा, जुना झाला की बाहेरून पांढरी पुटं धरतो, कारण पाणी झिरपून उडून जातं आणि क्षार मागं राहतो. हे अख्खं खोरं हजारो वर्षं तेच करत आलंय. कॅल्शियम आधी खाली बसतं, नांगरताना जे पांढरे चुनखडे वर येतात ना ते तेच, आणि सोडियम पाण्यात शिल्लक राहतं, मातीच्या कणांना चिकटून राहतं.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला लोकांनी विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं होतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. ज्या जमिनीतल्या पाण्यापासून मीठ बनवून इंग्रजांचा कायदा मोडला त्याच जमिनीत तुम्ही आता अजून खोल जाऊन पिण्याचं पाणी शोधता आहात.

आता माझी पहिली तक्रार त्या खोल बोअरबद्दलच. आमच्या गावात आणि शेजारच्या गावांत जेवढ्या बोअर खोल गेल्या तेवढं पाणी जास्त खारं लागलं, हे तुम्ही कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. गावात जे थोडंफार पिण्यासारखं पाणी आहे ते नाल्याकाठच्या जुन्या विहिरीत आहे, कारण तिथं नाल्याने आणून टाकलेली वाळू आहे आणि पावसाचं पाणी त्या वाळूत मुरून वर राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून ते खाऱ्यावर तरंगून राहतं, पण हा थर पातळ आहे. त्याच्या शेजारी मोठी मोटर लावून दिवसरात्र उपसा केला तर वरचा थर संपतो आणि खालचं खारं वर चढतं, मग ती विहीर परत गोडी व्हायला किती पावसाळे लागतील कोणी सांगू शकत नाही. तुमच्या प्रस्तावात बोअरची जागा त्या विहिरीपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. नकाशावर ती विहीर दाखवलेलीच नाही. मी नकाशा बघितला म्हणून सांगते.

दुसरी तक्रार आरओच्या खराब पाण्याची, आणि इथं मी थोडी थांबणार आहे कारण याच प्रश्नावर मला सभेत खाली बसवलं. आरओ मशीन मीठ नष्ट करत नाही. ते फक्त मीठ एका बाजूला सारतं. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, २,५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम क्षार. मशीनमध्ये हजार लिटर पाणी गेलं की अडीच किलो क्षार गेले. निम्मं पाणी शुद्ध होऊन बाहेर आलं आणि त्याचा टीडीएस १०० धरला, तर त्या पाचशे लिटरमध्ये गेले फक्त ५० ग्रॅम. बाकीचे २ किलो ४५० ग्रॅम उरलेल्या पाचशे लिटरमध्ये, म्हणजे त्याचा टीडीएस झाला ४,९००. आता गावाने रोज पाच हजार लिटर शुद्ध पाणी घेतलं तर रोज तेवढंच खराब पाणी निघणार आणि त्यात साडेचोवीस किलो क्षार असणार. वर्षाचे झाले जवळपास नऊ टन. एक ट्रकभर मीठ दरवर्षी जमिनीच्या खोल पोटातून काढून आमच्या नाल्यात ओतायचं, असा हा ठराव आहे.

पाऊस आला की वाहून जाते म्हणाले सर. नाला वर्षातले सात-आठ महिने कोरडा असतो. तेवढे महिने ते पाणी तिथंच पसरणार, उन्हाने उडणार आणि पांढरा थर ठेवणार. पहिला पाऊस आला की तो थर विरघळून काही पुढच्या गावाच्या वावरात जाणार, म्हणजे आमचं मीठ त्यांच्या धुऱ्यावर, आणि काही त्याच वाळूतून खाली आमच्या जुन्या विहिरीत उतरणार. काळ्या मातीवर सोडियमचं पाणी पडत राहिलं की काय होतं ते आमच्या शेतकऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे, माती चोपण होते. सोडियम मातीच्या बारीक कणांना एकमेकांपासून सोडवतं, ओली झाली की गारा आणि वाळली की दगड, वर पापडी धरते, पाणी खाली मुरतच नाही, बी उगवत नाही. मग जिप्सम टाका, कारण जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेलं सोडियम धुऊन न्यायला परत गोडंच पाणी लागतं आणि ते तर नाहीच. नाल्याच्या खालच्या बाजूला ज्यांची वावरं आहेत त्यातल्या एकालाही या ठरावाआधी विचारलेलं नाही.

मी आरओच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. दुसरं काहीच नसेल तर आरओ लागतो, तो खतातून आणि संडासातून पाण्यात उतरणारं नायट्रेट पण बऱ्यापैकी कमी करतो. पण तो नीट चालवावा लागतो. कठीण पाण्याने मेंब्रेन, म्हणजे मशीनमधली पाणी गाळणारी पडदी, चोक होते, फाटली तर पाणी तसंच पुढं जातं आणि नळाला तोंड लावणाऱ्याला कळतही नाही. शेजारच्या एका गावात असा प्लांट आहे, पाच रुपयांना कॅन मिळते, मशीनवर मागच्या सर्व्हिसची तारीख लिहायची जागा आहे आणि ती कोरी आहे.

तिसरं, टीडीएसचा तो पेन. तुमचे लोक येतात, पेन पाण्यात बुडवतात, आकडा बघतात आणि चालू लागतात. तो पेन पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढं मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात सोडियम किती, फ्लोराईड किती, नायट्रेट किती हे त्याला दिसत नाही, जंतू तर अजिबात नाही. आपल्या देशाच्या मानकात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. नायट्रेटला मात्र लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर काही सूट नाही, आणि त्याला कारण आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राईट होतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि आपल्याकडच्या आया बाळाला द्यायचं पाणी काळजीने उकळून देतात, पण उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. हे गावात कोणी येऊन सांगितलं का? मी सांगते तर म्हणतात तू डॉक्टर आहेस का.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल बघा. महाराष्ट्रातल्या ३५ टक्क्यांहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, आणि देशात ज्या जिल्ह्यांची सगळ्यात वाईट म्हणून नावं आली त्यात आपल्या बाजूचे बुलढाणा, अमरावती, वर्धा, यवतमाळ, जळगाव आहेत. युरिया वावरात टाकला की जमिनीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात. चिकण मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवर पण ऋण भार, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी जिकडं जाईल तिकडं ते जातं. वरून संडासचे शोषखड्डे, उकिरडे, गोठे, तेही विहिरीच्या जवळ. माझ्या वहीत नायट्रेटचा सगळ्यात गडद गुलाबी रंग कुठं आला माहीत आहे का, आठवडी बाजाराजवळच्या हापसीला, जिथं बाजाराच्या दिवशी सगळे पाणी पितात. मी तो निकाल कळवला. हापसी अजून चालू आहे, त्यावर 'हे पाणी पिऊ नका' सांगणारा लाल पट्टासुद्धा मारलेला नाही.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळायला लागले तेव्हा पहिली नजर पाण्यावर गेली, सॅम्पल गेले, नायट्रेट आणि टीडीएस जास्त निघाल्याच्या बातम्या आल्या. नंतर चर्चा सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याकडं आणि रेशनच्या गव्हाकडं वळली आणि पाणी परत मागं पडलं. केसांचं कारण काहीही निघो, त्या पाण्यातलं नायट्रेट तर तिथंच राहिलं ना साहेब. किडनीचं पण तसंच. या पाण्यानेच किडनी जाते असं मी ठासून म्हणणार नाही, तो अभ्यास डॉक्टरांनी करायचा, पण तो कोणी करत का नाही? गल्लीगल्लीत डायलिसिसचा पेशंट असलेल्या गावांत माणसं मनातल्या मनात पाण्याला दोष देऊन जगतात, आणि खरं काय ते त्यांना कोणी सांगत नाही.

चौथी तक्रार पाईपलाईनची. धरणाचं पाणी सातपुड्यावरच्या पावसाचं आहे, मी तपासते तेव्हा त्याचा टीडीएस तीनशेच्या आत येतो, म्हणजे खरं उत्तर आपल्या हातात आहेच. पण ते येतं कधी पंधरा दिवसांनी, कधी वीस. मधल्या काळात पाईप रिकामा असतो, आणि रिकामा पाईप आपल्या भेगांमधून बाहेरचं पाणी आत ओढतो. पुलाखालचा जॉइंट गळतो, तिथं नेहमी डबकं असतं, म्हशी बसतात, आणि पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं नळाला तेच येतं. त्या पाण्यात क्लोरीन टेस्ट केली तर पिवळा रंग येतच नाही, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तरी वाटेतच संपलेलं असतं. मग बाया ते पाणी आठवडे न् आठवडे ड्रममध्ये भरून ठेवतात. धरणाच्या पाण्यावर शेतीचा पण हक्क आहे, वान धरणाच्या पाण्यावरून आपल्या भागात वाद झाला तो आम्हाला माहीत आहे, आणि ओलिताच्या शेतकऱ्याच्या तोंडचं काढून आम्हाला द्या असं मी म्हणत नाही. जे पाणी पिण्यासाठी राखीव आहे ते गळतीत जाऊ नये आणि ठरलेल्या दिवशी यावं एवढंच मागणं आहे. माणशी रोज ५५ लिटर हे सरकारचं स्वतःचं वचन आहे.

आणि पाऊस! इतका पाऊस आमच्या पत्र्यांवरून नालीत जातो त्याचा कोणी विचारच करत नाही. पाचशे चौरस फुटाचं छप्पर, ७०० मिलिमीटर पाऊस, थोडा वाया गेला धरला तरी पंचवीस हजार लिटर पाणी मिळतं. पाच माणसांच्या घराला फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर धरले तर वर्षाला नऊ-साडेनऊ हजार लिटर पुरतात. पहिला पाऊस सोडून द्यायचा, जाळी आणि वाळूचा फिल्टर लावायचा, टाकी झाकून ठेवायची. शाळेचं छप्पर तर याच्या कितीतरी पट मोठं आहे. प्लांटच्या खर्चात अशा किती टाक्या होतील याचा हिशोब तुमच्या इंजिनीअरांनी एकदा तरी मांडावा, मला वाटतं मांडलाच गेला नाही.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

खोल बोअरचा ठराव थांबवा. आधी चाचणी बोअर घ्या, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा प्रयोगशाळेची पूर्ण तपासणी करा, सोडियम, क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराईड, कठीणपणा, सगळं, आणि तो रिपोर्ट ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. जुन्या विहिरीजवळ मोटर लावायची नाही, आणि तिच्या आजूबाजूचे शोषखड्डे हलवायला मदत द्या.

आरओ बसवायचाच असेल तर खराब पाण्याचं काय करणार ते मंजुरीआधी लेखी द्या. नाल्यात एक थेंब नको. प्लास्टिकचं अस्तर टाकलेली, कुंपण घातलेली वाळवणाची टाकी करा, आणि तिच्यात साचणारं मीठ कोण उचलणार, कुठं नेणार, खर्च कोण देणार हे त्याच कागदावर लिहा. नाल्याखालच्या शेतकऱ्यांची सही त्यावर पाहिजे. मेंब्रेन बदलल्याची तारीख आणि दर महिन्याचा पाण्याचा रिपोर्ट प्लांटच्या दारावर लागला पाहिजे.

पाईपलाईनला 'पूरक' म्हणणं बंद करा, तोच आमचा मुख्य स्रोत आहे. पुलाखालचा जॉइंट या महिन्यात दुरुस्त करा आणि पाणी सोडायचे दिवस ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत यांच्या छपरांवरचं पाणी साठवायच्या टाक्या येत्या पावसाळ्याआधी बांधा.

बाजारातल्या हापसीवर लाल पट्टा मारा आणि तिथं पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करा, हे तर उद्या होऊ शकतं. आम्हा पाच जणींना किटची औषधं वेळेवर द्या, माझ्या किटमधली नायट्रेटची पावडर संपत आलीय, आणि आम्ही कळवलेल्या प्रत्येक वाईट निकालावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. आणि आरोग्य खात्याला सांगून खारपाण पट्ट्यातल्या किडनीच्या पेशंटांचा आणि त्यांच्या घरच्या पाण्याचा एकत्र अभ्यास सुरू करा.

पुढच्या ग्रामसभेला तुम्ही स्वतः या साहेब. नकाशा आणा, मी माझी वही आणते, आणि सगळ्यांसमोर त्या जुन्या विहिरीवर जाऊन पाणी तपासू.

आपली,
खारपाण पट्ट्यातल्या एका गावची पाणी तपासणारी बाई